न जाणवणारी ठिणगी

मंचेरियालहून उत्तरेकडे बल्लारशाच्या दिशेने निघालेली आगगाडी थोड्याच वेळात बेल्लमपल्लीस पोहोचते. कोळशाच्या खाणींमुळे नावारूपास आलेले हे गाव आहे. २०१६ मध्ये तेलंगणात नवे जिल्हे निर्माण झाले, तेव्हा ते मंचेरियाल जिल्ह्यात गेले; तोपर्यंत त्याचा जिल्हा आदिलाबाद होता. मराठी वाचकांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी राजुरा आणि किनवट हे तालुके ह्याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होते. शिवाय गोदावरीच्या खोऱ्यातील हा कोळशाचा पट्टा पुढे वर्धेच्या खोऱ्यातून बल्लारपूर, चंद्रपूर, वणी ह्या बाजूस गेलेला आहे. दोन्हीकडची जमीन जशी एका जातीची, तसा उन्हाळाही एका जातीचा. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास खेळतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत होते, आणि सिंथेटिक कापडाचा सदरा अंगातून काढताना चटचट आवाज येतो. आज ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, तो ह्या चटचट आवाजात सामावलेला आहे.

खाणीच्या गावाला ठिणगीचे भय नव्याने शिकवावे लागत नाही. भूमिगत कोळसाखाणीत उतरणाऱ्या माणसाजवळ विडी, काडेपेटी असे काही नाही ना, हे पाहण्यासाठी झडती घेण्याची पद्धत आहे. खाणीत त्या दिवशी ज्वालाग्राही वायू साठला आहे की नाही, हे पाहून ही झडती ठरत नाही. ती नित्याची असते. कोळशाच्या थरांत कोंडलेल्या मिथेन वायूला रंग नाही आणि वासही नाही. जे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, त्यापासून जीव वाचवावयाचा तर डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून कसे भागेल? तेथे नियमच पाळावा लागतो, आणि गरज भासो वा न भासो, रोज पाळावा लागतो. संगणकाची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ह्या गावाकडून घ्यावा असा धडा तो हाच.

संगणक ही आता श्रीमंतांच्या घरची चैन राहिलेली नाही. परीक्षेचा अर्ज, शाळेची फी, जमिनीचा उतारा, बँकेचा व्यवहार, ह्या सर्वांची वाट कोठे ना कोठे संगणकावरून जाते. लहान गावात हा संगणक बिघडला म्हणजे तो बाजारातल्या एखाद्या छोट्या दुकानात जातो. तेथे एक होतकरू तरुण स्क्रू काढून पेटी उघडतो, रॅमची पट्टी काढतो, झटकतो, पुन्हा बसवतो. हात कुशल असतो, हेतू चांगला असतो. तथापि पुष्कळदा असे घडते की, आलेला बिघाड दूर होतो आणि दुसराच एक बिघाड पेटीत शिरतो. तो कोणी पाहिलेला नसतो. त्याचे नाव स्थिर विद्युत्.

स्थिर विद्युत् ही माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडे अंबर नावाच्या पिवळ्या, पारदर्शक राळेला तृणमणी म्हणतात. तो लोकरीवर घासला असता गवताच्या काड्या, कोंडा असे हलके पदार्थ आपणाकडे ओढून घेतो, म्हणून तृणमणी. ग्रीकांनी ह्याच पदार्थाला जे नाव दिले, त्यातून पुढे युरोपीय भाषांतील विजेचा शब्द निघाला. शाळेतील मूलही कोरड्या केसांतून प्लास्टिकची फणी फिरवून कागदाचे कपटे उचलून दाखवते. दोन वेगळे पदार्थ एकमेकांस चिकटले आणि पुन्हा दूर झाले, म्हणजे एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात. एकाकडे ऋण भार साठतो, दुसऱ्याकडे धन भार. घासल्याने हे काम अधिक होते, परंतु केवळ स्पर्श होऊन अलग होणेही त्यास पुरते. तांब्यासारख्या वाहक पदार्थात हा भार वाट मिळताच निसटतो. प्लास्टिक, नायलॉन, काच अशा पदार्थांवर तो जेथल्या तेथे बसून राहतो. म्हणून तो स्थिर.

माणसाचे शरीर स्वतः बऱ्यापैकी वाहक आहे, पण रबरी किंवा प्लास्टिकच्या तळव्यांची चप्पल घातली की ते जमिनीपासून तुटते. मग खुर्चीवरून उठणे, सतरंजीवरून चालणे, पिशवी उचलणे अशा साध्या हालचालींनी शरीरावर भार चढत जातो. ह्या विषयाच्या हस्तपुस्तकांत नेहमी दिला जाणारा एक तक्ता आहे. हवेची आर्द्रता शेकडा दहा ते वीस असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. तीच आर्द्रता शेकडा पासष्टाच्या वर असली, तर तो १,५०० व्होल्टच्या आसपास राहतो. मेजावरून प्लास्टिकची पिशवी उचलण्याचे आकडे अनुक्रमे २०,००० आणि १,२०० असे आहेत. फरक हवेतील ओलाव्याचा आहे. दमट हवेत प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो व त्यावरून भार हळूहळू वाहून जातो. कोकणातल्या कारागिराला निसर्ग जी मदत वर्षाचे बहुतेक दिवस देतो, ती बेल्लमपल्लीच्या किंवा चंद्रपूरच्या कारागिराला उन्हाळ्यात मिळत नाही, ती अशी.

हजारो व्होल्टचा हा आकडा ऐकून कोणी विचारील, मग माणूस मरत कसा नाही? दाब मोठा असला तरी भाराचा साठा अगदी अल्प असतो आणि तो क्षणाच्या दशलक्षांश भागात संपतो. तीन हजार व्होल्टपर्यंत चढलेल्या शरीरातील ऊर्जा साधारणतः अर्ध्या मिलिज्यूलहूनही कमी भरते. माणसाला एवढ्याने बोटाच्या टोकाशी एक चिमटा बसतो, इतकेच. परंतु अल्प म्हणून ती निरुपद्रवी समजावयाची काय? हवेत योग्य प्रमाणात मिसळलेल्या मिथेन वायूला पेटण्यास एक तृतीयांश मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते. ह्याच कारणास्तव भूमिगत खाणीत कोळसा वाहून नेणारे पट्टे साध्या रबराचे चालत नाहीत. आग न पकडणारे आणि विद्युत्भार साठू न देणारे असे खास पट्टे वापरावे लागतात. खाणीत ज्या ठिणगीचा एवढा बंदोबस्त होतो, ती ठिणगी दुरुस्तीच्या मेजावर मात्र मोकाट हिंडते.

संगणकाच्या चिपला ह्या ठिणगीने नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. प्रत्येकात सिलिकॉनच्या ऑक्साइडचा किंवा तशाच दुसऱ्या विद्युत्‌रोधक द्रव्याचा एक थर असतो आणि तो विजेला अडवून धरतो. आधुनिक चिपमध्ये ह्या थराची जाडी केवळ काही अब्जांश मीटर असते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारो थर मावतील. सिलिकॉन ऑक्साइडच्या एक अब्जांश मीटर जाडीला सुमारे एक व्होल्ट दाब सोसतो, त्याहून अधिक झाला की थर फुटतो. चिप तयार करणारे तिच्या पायांपाशी काही संरक्षक रचना ठेवतात, त्यामुळे ती पुष्कळ धक्के पचविते. तथापि त्या संरक्षणालाही सीमा आहे. काही नाजूक भाग तर शंभर व्होल्टच्या आतच दगावतात, आणि म्हणून ह्या क्षेत्रातील मानके शंभर व्होल्ट ही मर्यादा धरून कारखान्यांची व्यवस्था आखतात.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. माणसाच्या बोटाला स्थिर विजेचा धक्का जाणवावयास साधारणपणे तीन हजार व्होल्ट लागतात. नाजूक चिप शंभर व्होल्टनेही मरू शकते. म्हणजे बोटाला जाणवणाऱ्या धक्क्याच्या कितीतरी खाली चिपचा मृत्यू घडून जातो, आणि मारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. "एवढी वर्षे काम केले, कधी धक्का बसला नाही" असे अनुभवी कारागीर म्हणतो, ते खोटे नसते. पण त्याचा विषयाशी संबंध नसतो. मिथेनचा वास आला नाही म्हणून खाणीत विडी पेटविणाऱ्याचे बोलणेही ह्याच जातीचे म्हणावे लागेल.

ह्याहून कठीण गोष्ट अशी की, दगावलेली चिप प्रत्येक वेळी तत्काळ बंद पडत नाही. काही वेळा थराला केवळ इजा होते. संगणक दुकानात व्यवस्थित चालू होतो, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जातो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यंत्र मधूनच थांबू लागते. मग दोष कोणाला दिला जातो? कधी वीजपुरवठ्याला, कधी उन्हाला, कधी 'हलक्या मालाला'. नवा भाग विकत आणला जातो व तोही त्याच हातांनी, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, बसविला जातो. पैसे गरीब विद्यार्थ्याच्या बापाचे जातात आणि नाव प्रामाणिक कारागिराचे जाते. लबाडी कोणीच केलेली नसते, तरी नुकसान दोघांचेही होते. हे टाळण्याचे उपाय महाग नाहीत. ते केवळ सवयीचे आहेत.

सर्व उपायांचे मूळ एकच आहे. ठिणगी उडते ती दोन वस्तूंच्या दाबातील फरकामुळे. विजेच्या तारेवर बसलेली चिमणी सुखरूप असते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच दाबाच्या तारेवर असतात. त्याचप्रमाणे कारागिराचे शरीर, संगणकाचा सांगाडा आणि हातात घ्यावयाचा भाग ही तिन्ही एकाच दाबावर आणली, म्हणजे भार एकीकडून दुसरीकडे धावण्यास कारणच उरत नाही. आधी बरोबरी, मग स्पर्श, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व नियम त्यातून आपोआप निघतात.

प्रथम संगणक बंद करावा आणि त्याचा प्लग सॉकेटमधून पूर्णपणे काढावा. मग चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत राहिलेली वीज बरीचशी निघून जाते. प्लग तसाच ठेवून केवळ भिंतीवरचे बटण बंद करावे, म्हणजे अर्थिंग मिळते, असा सल्ला काही जण देतात. परंतु आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांत व दुकानांत तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, कोठे कोठे तारा उलट जोडलेल्या असतात. म्हणून ज्या सॉकेटची तपासणी झालेली नाही, त्यावर आपला जीव टाकू नये. पेटी उघडल्यावर आतील भागांना हात लावण्यापूर्वी सांगाड्याच्या रंग न दिलेल्या, उघड्या धातूला हात लावावा. काम चालू असता उठून पुन्हा बसले, तर पुन्हा लावावा. खुर्चीवरून उठण्यानेच भार चढतो, हे मागे सांगितलेच आहे.

ह्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मनगटपट्टा. हा पट्टा मनगटाला कातडीशी घट्ट बसतो आणि त्याची तार चिमट्याने सांगाड्याच्या उघड्या धातूला जोडतात. हात सांगाड्याशी सतत जोडलेला राहिल्यामुळे चढणारा भार चढता चढताच ओसरतो. बाह्यांवरून बांधलेला पट्टा निरुपयोगी होय.

येथे एका धोक्याचा इशारा दिलाच पाहिजे. पट्टा विकत घेण्याऐवजी काही हौशी लोक मनगटाला साधी तांब्याची तार गुंडाळून ती नळाला किंवा अर्थिंगला बांधतात. हे जिवाशी खेळणे आहे. चांगल्या पट्ट्याच्या तारेत सुमारे दहा लाख ओहमचा एक रोधक बसविलेला असतो. स्थिर विजेला तो मुळीच अडवीत नाही, कारण तिचा साठा लहान असल्याने ती त्यातून क्षणार्धात निघून जाते. परंतु चुकून दुसरा हात २३० व्होल्टच्या तारेला लागला, तर तो रोधक प्रवाह एका मिलिअँपिअरच्या पाव हिश्शाहूनही कमी ठेवतो, आणि एवढा प्रवाह माणसाला बहुधा जाणवतही नाही. साध्या तारेत हा राखणदार नसतो. तेथे सारा प्रवाह शरीरातून जाईल व माणूस तारेला बांधलेला असल्यामुळे सुटूही शकणार नाही. चिप वाचविण्यासाठी माणूस घालविणे ह्याला शहाणपण कोण म्हणेल?

ह्याच कारणाने पट्टा बांधून चालू यंत्रात हात घालू नये. संगणकाला वीज पुरविणारी लोखंडी डबी उघडण्याचा मोह टाळावा. तिच्यातील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तीनशे व्होल्टांहून अधिक दाब काही काळ धरून ठेवू शकतात. जुन्या, फुगीर काचेच्या पडद्याच्या मॉनिटरात तर हा दाब हजारोंच्या घरात असतो. ही दोन्ही कामे त्यात मुरलेल्या माणसाची आहेत.

आता पिशव्यांविषयी. नवा भाग गुलाबी किंवा रुपेरी पिशवीतून येतो, आणि पुष्कळ ठिकाणी ती पिशवी प्रथम फाडून फेकली जाते. गुलाबी पिशवी स्वतः भार निर्माण करीत नाही, एवढाच तिचा गुण. बाहेरून आलेली ठिणगी ती अडवू शकत नाही. रुपेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो. धातूच्या बंद पिंजऱ्याच्या आत बाहेरील विजेचा प्रभाव पोहोचत नाही, हे मायकेल फॅराडे ह्या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये दाखविले. ही पिशवी म्हणजे त्याच पिंजऱ्याचा खिशात मावणारा अवतार होय. मात्र पिंजऱ्याचे रक्षण आत असणाऱ्याला मिळते, छपरावर बसणाऱ्याला नव्हे. म्हणून भाग पिशवीच्या वर ठेवून भागत नाही, आत ठेवावा लागतो. नवा भाग बसविताना बंद पिशवी आधी सांगाड्याला टेकवावी, मग उघडावी. भाग कडांना धरून उचलावा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये, आणि काढलेला भाग मोकळ्या झालेल्या पिशवीत ठेवावा. सुट्या चिपचे पाय काळ्या वाहक फोममध्ये खोचून ठेवतात, तेही ह्याच हेतूने: सर्व पाय एकत्र जोडलेले राहिले की त्यांच्यात दाबाचा फरक उत्पन्न होत नाही. सुरुंगाचे काम करणाऱ्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. विजेच्या डिटोनेटरच्या दोन तारांची टोके वापराच्या क्षणापर्यंत एकमेकींना जोडून ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे.

कामाच्या मेजाकडेही लक्ष असावे. थर्मोकोल हा ह्या बाबतीत मोठा उपद्रवी पदार्थ आहे. खोक्यातून काढलेले थर्मोकोल मदरबोर्डाजवळ कधीही ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टीची गुंडाळी, प्लास्टिकचा चहाचा पेला हीही हातभर लांब असावीत. अंगात सुती कपडे असावेत. पॉलिएस्टरचा सदरा किंवा नायलॉनची साडी असल्यास सैल बाही अथवा पदर भागांना घासू देऊ नये. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून उजळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्या घासण्याने भारही निर्माण होतो आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले, धागे न सुटणारे फडके हलके फिरवावे. धूळ काढण्यासाठी घरचा व्हॅक्युम क्लीनर आणि त्याचे प्लास्टिकचे तोंड आत घालू नये, कारण वेगाने घासत जाणारी धूळही भार चढविते.

राहता राहिला हवेचा ओलावा. ह्या मुलखात उन्हाळ्यात जे कूलर लावले जातात, ते पाण्यातून हवा खेळवितात व खोलीतील आर्द्रता वाढवितात. दुपारच्या कोरड्या हवेत दुकानात कूलर चालू असणे हे म्हणूनच कारागिराप्रमाणे यंत्रालाही मानवते. मात्र त्याचा झोत उघड्या पेटीवर येता कामा नये, कारण पाण्याचा तुषार हा निराळाच शत्रू आहे. साधारणतः शेकडा चाळीस ते साठ आर्द्रता योग्य समजली जाते. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी होते, ही गोष्ट थंडाव्याच्या सुखात विसरली जाते. आणि आर्द्रता कितीही असली, तरी भार मुळीच चढत नाही असे होत नाही. तो केवळ कमी चढतो. म्हणून पावसाळा लागला म्हणजे पट्टा खुंटीला टांगावा, असा त्याचा अर्थ करू नये.

सर्व मिळून पाहिले तर ह्यात अवघड असे काय आहे? एक पट्टा, दोन-चार जपून ठेवलेल्या रुपेरी पिशव्या, सुती सदरा, आणि धातूला आधी हात लावण्याची सवय. अवघड आहे ते एवढेच की, ह्या काळजीचे फळ डोळ्यांना कधी दिसत नाही. न मेलेली चिप कोणी दाखवू शकत नाही, आणि न उडालेल्या ठिणगीबद्दल कोणी आभार मानीत नाही. गिऱ्हाइकाला तर पट्टा बांधण्यात गेलेली दोन मिनिटे उशीरच वाटतात. अशा वेळी कारागिराने त्याला त्या दोन मिनिटांचे कारण शांतपणे समजावून सांगावे. शाळेच्या संगणककक्षात, तंत्रशिक्षणाच्या वर्गात शिकविणाऱ्यांनी तर स्क्रू काढावयास शिकविण्यापूर्वी हा पाठ द्यावा. विद्यार्थ्याचा हात सांगाड्याच्या धातूकडे आपोआप जाऊ लागला, म्हणजे पाठ पुरा झाला असे समजावे.